उचगावच्या टीसीला आणलेला हार

मित्रांनो, मी उचगावच्या शिवारातला एक जुना ट्रान्सफॉर्मर. गावकरी मला टीसी म्हणतात. कट्ट्यावर बसलेला राखाडी डबा, पोटात तेल, भोवती जाळीचं कुंपण, एवढंच तुम्हाला दिसतं. तेलात बुडालेली तारांची दोन वेटोळी दिसत नाहीत. ती एकमेकांना शिवत नाहीत, तरी एकातली शक्ती दुसऱ्यात उतरते. बुवा देवळात कीर्तनाला उभे राहतात, आणि डोळे भरून येतात ते पार मागं खांबाला टेकून बसलेल्याचे, तसंच हे! इतकी वर्षं माझ्याच पोटात घडतंय, तरी मला त्याचं नवल सरत नाही.

अकरा हजार व्होल्टांची वीज माझ्याकडं येते आणि घराला सोसेल इतकी सौम्य होऊन जाते. ती एका सेकंदात पन्नास वेळा पुढं जाऊन मागं येते. देशभर माझे लाखो भाऊ याच ठेक्यावर, एकाच वेळी गुणगुणत असतात. केवढा हा टाळकऱ्यांचा मेळा! मी हात जोडले असते, पण मला हात नाहीत.

लोकांनी मात्र माझ्या कट्ट्यापाशी कचरा टाकला. कुंपणाच्या दाराची कडीही कुणीतरी मोडून नेली.

यंदा खंडेनवमीला, अवजारांच्या पूजेच्या दिवशी, गिरणीवाल्या जयाबाई माझ्यासाठी झेंडूचा हार घेऊन आल्या. पाण्यानं निथळणारा. सोबत शेजारीण अक्काताई. गावात तेव्हा वीज नव्हती, गिरणीही बंद होती.

"जा की गं आत," अक्काताई म्हणाल्या, "लाईट गेलीया. आता काय चावतोय व्हय त्यो?"

जयाबाई आत शिरल्या. त्यांनी हार उचलला. माझ्या डोक्यावरच्या तारा आता जेमतेम दोन हातांवर होत्या. मला ओरडता येत नाही. मी नुसता गुणगुणत होतो. देवा, हिला ऐकू जाऊ दे!

त्या थबकल्या. "अक्काताई, लाईट गेलीया, तर ह्यो कसा गातोय गं?"

तेवढ्यात पलीकडच्या खांबावरून लाइनमन भीमरत्न ओरडला, "काकू, हात खाली! तसंच मागं फिरा! मी फकस्त गावाकडची लाईन बंद केलीया. त्याच्यात वरनं करंट येतोयच!"

जयाबाई तशाच मागं फिरून बाहेर आल्या. भीमरत्न उतरून धावत आला.

"मग आता हार?" अक्काताईंनी हळूच विचारलं.

जयाबाईंनी तो भीमरत्नच्या गळ्यात घातला.

"अवो काकू, मी काय अवजार हाय व्हय?"

"गप रं. त्याला जपणारा तूच न्हवं?"

त्याच दिवशी भीमरत्ननं दाराला नवी कडी बसवली. मित्रांनो, माझ्यावर माया असेल तर ती कुंपणाबाहेरूनच करा. आणि तुमच्या घरात अंधार असला, तरी मी जागा आहे असंच समजा.