दगडाची विश्रांती

तुर्कस्तानात पामुक्कलेच्या डोंगरावर पाण्याला पाळ्या असतात. गरम पाणी पायऱ्यापायऱ्यांनी ओघळतं, त्यातला चुना काठाशी बसतो, आधी दह्यासारखा मऊ. मग पाणी दुसऱ्या पाटात वळवायचं आणि पायरी उन्हात सुकू द्यायची, तेव्हा कुठे तो पांढराशुभ्र दगड होतो. सारखं पाणी सोडलं तर शेवाळ धरतं. हे गुलीझारला तिच्या बापाने शिकवलं, धाकट्या नजातीलाही. पाट वळवण्याचं काम आता नजातीकडेच होतं.

म्हणून वसंतात तिच्या घराखालचं कुंड कोरडं पडलं आणि नजाती म्हणाला, "ताई, दगड विश्रांती घेतोय," तेव्हा तिने नुसती मान डोलावली. तिचं पोट त्या कुंडावर होतं. लोक पाय बुडवून बसायचे, ती पालक-चीजच्या पोळ्या भाजून द्यायची. उन्हाळा सरत आला. काठ करडा पडून तडकला, माणूस फिरकेना.

शेजारीण फातोश म्हणाली, "विश्रांती कसली गं? चिरनिद्रा म्हण!"

"माझा भाऊ आहे तो! तुझ्या नवऱ्यासारखा थापाड्या नाही," गुलीझार उखडली.

मग वरच्या नव्या हॉटेलात लग्न निघालं. पोळ्यांची टोपली घेऊन ती गेली, तर समोर पोहायचा केवढा तरी हौद, वाफाळता. तिने काठाला हात लावला. बोटभर जाड चुना! एवढा थर एका रात्रीत बसत नाही. अख्खा उन्हाळा तिचं पाणी इथे मुरत होतं. आणि पलीकडे नवा कोट घालून नजाती चहा पीत बसलेला.

"हे पाणी कुठलं रे?"

"ताई, हळू. लोक बघतायत."

"कुठलं?"

"मला इथे मुकादम केलंय. मी नसतं वळवलं तर दुसऱ्याने वळवलं असतं. तुझ्या कुंडाला देईन की पुढच्या वर्षी."

"मेल्यावर औषध पाजणार? अरे, सरळ सांगायचंस! भांडले असते, शिव्या घातल्या असत्या, पण कळलं तरी असतं!"

नजातीने खाली बघितलं. "दुसऱ्या कुणाला ती थाप पटली नसती. तुला पटणार, हे ठाऊक होतं मला."

पाणी गेलं त्याचं गुलीझारला एवढं दुःख नव्हतं. बापाचा खरा शब्द घेऊन याने तिला मूर्ख बनवलं होतं, आणि ती त्याच्यासाठी गावाशी भांडत बसली होती.

"बाबांनी दगड ओळखायला शिकवलं," ती म्हणाली, "भाऊ ओळखायला शिकवायचं राहून गेलं."

"ताई, ऐक तरी!"

टोपली तिथेच ठेवून ती निघाली. मागून तो हाका मारत राहिला. सगळं लग्न वळून बघत होतं, ती तेवढी वळली नाही.