डोमाजीची झोप

यवतमाळच्या सौरऊर्जा परिषदेत मारोतरावांना बोलायला बोलावलं आहे, ही बातमी गावात पोचायला वेळ लागला नाही, कारण ती त्यांनी स्वतःच पोचवली. दिग्रसच्या बाजारात कोणी भेटला की आधी कापसाचा भाव विचारायचा आणि मग जाता जाता सांगायचं, "शनवारी मी नाई बाप्पा, यवतमाळले भाषण हाय." घरी बायको, विमलताई म्हणाल्या, "भाषण करा, पन मिजास नोका दाखवू." मारोतरावांनी ऐकलं न ऐकल्यासारखं केलं.

बोलण्यासारखं त्यांच्याकडे होतं, हेही खरं. गावात सौर झटका मशीन बसवणारे ते पहिले. एक छोटी प्लेट, एक बॅटरी आणि वावराच्या चारही बाजूंनी ताणलेली तार. दिवसा उन्हावर बॅटरी भरायची, रात्रभर तारेतून झटके सुटत राहायचे. रानडुक्कर तारेला नाक लावी, किंचाळे आणि मागे फिरे. मरत नसे, पण पुन्हा तिकडे येत नसे. मारोतरावांचा हरभरा यंदा घाट्यांनी लगडला होता आणि त्यांना रात्री स्वस्थ झोप येत होती.

मशीन येण्याआधी जागल होती. हरभरा घाट्यावर आला की रात्र रात्र मचाणावर बसायचं, डबे बडवायचे, आरोळ्या ठोकायच्या. मारोतराव आणि डोमाजी यांची वावरं एका धुऱ्याला, म्हणजे बांधाला, लागून, म्हणून जागलही दोघांची एकच. अर्धी रात्र एकाने जागायचं, अर्धी दुसऱ्याने. जो झोपला त्याचं वावर जागणाऱ्याच्या भरवशावर. दोघांची लग्नं व्हायच्या आधीपासून हे चालत आलं होतं आणि त्यात कधी कोणी कोणाला दगा दिला नव्हता.

मशीन घ्यायची ठरली तेव्हा मारोतराव सगळ्यात आधी डोमाजीकडेच गेले. एका मशीनवर दोघांची वावरं आरामात निघतात, असं दुकानदाराने सांगितलं होतं. तार आणि खांब तेवढे वाटून घ्यायचे, हा त्यांचा बेत. डोमाजी पानटपरीवर चार जणांत बसला होता. सगळं ऐकून घेऊन तो म्हणाला, "उनावर चालते म्हंतं. आन डुकरं तं रातीले येतात. मंग रातीले तू काय डुकराले ऊन दाखोतं?"

अख्खी टपरी हसली. बॅटरीची गोष्ट सांगायला अर्धं मिनिट पुरलं असतं, पण चार माणसांत उडालेली फजिती मारोतरावांना सहन झाली नाही. "तुले नाई पाह्यजे तं राह्यलं," एवढंच म्हणून ते उठले. आठवड्याभरात त्यांनी एकट्याच्या वावराला कुंपण घातलं. दोघांच्या मधल्या धुऱ्यावरूनही तार ओढली.

डुकरांना माणसांचा रुसवाफुगवा कळत नाही, त्यांना पोट कळतं. इकडे झटका बसला की ती धुऱ्याच्या कडेकडेने जात आणि डोमाजीच्या वावरात शिरत. अर्धी रात्र जागणारा डोमाजी आता एकट्याने अख्खी रात्र जागू लागला. सकाळी त्याच्या हरभऱ्यात उकरलेली माती मारोतरावांना धुऱ्यावरून स्वच्छ दिसे आणि वाईटही वाटे. पण आधी त्याने येऊन म्हणावं, हा हट्ट काही सुटेना. डोमाजीही म्हणायला येईना. वाटेत गाठ पडली तर एकाने "काय?" म्हणायचं आणि दुसऱ्याने "बस," म्हणायचं. मशीन आली, डुकरं गेली आणि त्यांच्यासोबत जोडीदारही गेला. मारोतरावांना हे पुरतं ठाऊक होतं.

एव्हाना गावात सौरचं वारं भरलं होतं. कोणाला पंप हवा होता, कोणाला घरावर प्लेटा. त्यामुळे परिषदेला जायला निघालेली काळीपिवळी जीप बघता बघता भरली. शेवटी डोमाजी आला आणि मागच्या बाजूला अंग चोरून बसला. "तू कायले रे?" कोणीतरी विचारलं. "जेवण हाय म्हंतेत," तो म्हणाला.

मारोतराव पुढे बसले होते. त्यांना मनातून उकळ्या फुटल्या. भाषणात एक वाक्य त्यांनी खास घोटून ठेवलं होतं: 'आमच्या गावच्या एका शहाण्यानं मले इचारलं, का डुकराले रातीले ऊन दाखोतं काय.' यावर सभागृह हसणार, आणि तो शहाणा समोर बसून ते हसणं ऐकणार. टपरीचा हिशेब यवतमाळला चुकता होणार होता.

सभागृह गच्च भरलं होतं. आयोजकांनी धरलेल्या अंदाजापेक्षा दुप्पट माणसं आलेली. भिंतीला टेकून लोक उभे होते. बाहेर मांडलेल्या पंपांभोवती आणि मशीनींभोवती तर आठवडी बाजारासारखी झुंबड. इंजिनिअरिंग कॉलेजातले तरुण प्राध्यापक अवधूत सर परिषदेचे सूत्रधार. त्यांनी पडद्यावर आलेख दाखवले, जिल्ह्यात किती ऊन पडतं ते सांगितलं. "आमाले काय सांगता, आमी त्यातच राह्यतो," असं मागून कोणीतरी पुटपुटलं. मग सरांनी मारोतरावांचं नाव घेतलं.

सुरुवात झकास झाली. प्लेट, बॅटरी, तार, डुकराचं किंचाळणं; लोक कान देऊन ऐकत होते. मारोतराव घोटलेल्या वाक्यापाशी आले आणि ते ज्याच्यासाठी होतं त्याला त्यांनी समोर शोधलं.

डोमाजी तिसऱ्या रांगेत होता. मऊ खुर्चीत मान मागे टाकून, तोंड उघडं ठेवून तो गाढ झोपला होता. आजूबाजूचे लोक तोंडावर हात ठेवून हसत होते. अवधूत सरांच्याही ते लक्षात आलं. त्यांनी डोळ्यांनी खूण केली आणि एक स्वयंसेवक डोमाजीला उठवायला निघाला.

"ओ भाऊ," मारोतराव माईकवरूनच म्हणाले, "नोका उठवू त्याले. झोपू द्या."

सभागृह खळखळून हसलं. मारोतराव हसले नाहीत. ही झोप त्यांच्या ओळखीची होती. आपली पाळी संपली की मचाणावर डोमाजी अशीच मान टाकायचा, एका क्षणात, बिनघोर. कारण मारोत्या जागा आहे हे त्याला माहीत असायचं. या हिवाळ्यात त्याला तशी झोप एका रात्रीही मिळाली नव्हती. ती त्याला इथे मिळाली, परक्या गावात, माणसांच्या गर्दीत. मारोतरावांना स्वतःची लाज वाटली.

ते माईकपासून मागे सरकले आणि खालच्या आवाजात बोलू लागले. "आवाज!" मागून कोणीतरी ओरडलं. "हळूच आयका," ते म्हणाले, "मानूस झोपला हाय." लोकांना वाटलं, गडी विनोदी आहे. मारोतरावांनी घोटलेलं वाक्य गाळलं आणि तारेला गवत टेकू देऊ नका, प्लेट पुसत चला, असं कामापुरतं सांगून भाषण आटोपलं.

प्रश्न विचारायला महागावकडचा एक शेतकरी उभा राहिला. "एका मशीनवर किती वावर निघते?"

"दोघाचं आरामात निघते."

"मंग तुमी कितीचं घेतलं?"

मारोतरावांनी तिसऱ्या रांगेकडे पाहिलं. "एकाचंच," ते म्हणाले आणि खाली उतरले. टाळ्या बऱ्याच पडल्या. त्या आवाजाने डोमाजी दचकून जागा झाला आणि सगळे वाजवत आहेत म्हणून त्यानेही वाजवल्या.

परतताना काळीपिवळीत मारोतराव पुढे बसले नाहीत. मागे जाऊन ते डोमाजीच्या शेजारी बसले. गाडीने दारव्हा मागे टाकलं.

"काय बोल्ला तू तिथं?" डोमाजीने विचारलं. "माह्यावर बोल्ला असशीन."

"बोलनार होतो."

"मंग?"

"तू झोपलता. तुह्या माघारी काय बोलू?"

डोमाजी बाहेर बघत राहिला. एवढ्या मोठ्या सभागृहात मारोतरावांना भीती वाटली नव्हती, ती आता वाटत होती.

"उद्या धुऱ्यावरची तार काढतो," ते म्हणाले. "दोन्ही वावराच्या भवताल एकच कुंपण घेऊ."

डोमाजीने विचारलं, "पुरन का?"

"नाई पुरत. तुही नाल्याकडची बाजू उघडी राहीन. बाकीची तार पुढच्या बाजाराले आनू."

"आन तवरक?"

"तवरक तिकडं बसू. अर्धी रात तू, अर्धी मी."

डोमाजीने पहिल्यांदा मान वळवून त्यांच्याकडे नीट पाहिलं. डोळे लाल होते, पण टपरीवरचं हसू त्यांत परत आलं होतं.

"अर्धी-बिर्धी काई नाई," तो म्हणाला. "आजची पुरी रात तुही. तू लय झोपला, मारोत्या."