सर्जेरावाच्या हातचं मी खात नाही

मी भुंग्या बोलतोय. कुत्रा आहे, काळा आहे, डावा कान फाटलेला आहे आणि भयंकर रागीट आहे. कुत्र्यानं स्वतःची कहाणी सांगायची म्हटली की तुम्हाला शेपूट हलवणारं, पाय चाटणारं गरीब जनावर हवं असतं. ते दुसऱ्या कुणाच्या दारात शोधा. माझ्या मनात सूड आहे आणि तो मी रोज थोडा थोडा उगवतो.

माझा जन्म कापूरहोळच्या फाट्यावरचा, एका ढाब्याच्या मागं, पाण्याच्या टाकीखाली. हायवेच्या कडेला जन्मलेल्या पिल्लांचं काय होतं ते तुम्हाला माहीत आहे. माझ्या भावंडांचंही तेच झालं. बाळाबाई त्या दिवशी कांदा विकून टेम्पोतून परत येत होती. टेम्पोवाला जेवायला बसला, ही पाय मोकळे करायला खाली उतरली आणि मी तिच्या लुगड्याचा काठ दातात धरला. "चावतंय की मेलं!" ती म्हणाली. "चल, मला असंच पायजे." तिनं मला कांद्याच्या रिकाम्या गोणीत घातलं आणि भोंगवलीच्या खालच्या अंगाला असलेल्या आपल्या वस्तीवर आणलं.

माझी म्हातारी एकटी राहते. नवरा गेला, लेकी नांदायला गेल्या. शेतातच पत्र्याचं घर आहे. तिचं माहेर वेल्ह्याकडचं, त्यामुळे ती नाचणीची भाकरी करते. आमच्या वस्तीवर बाकी सगळ्यांच्या घरी ज्वारी-बाजरी. काळी भाकरी दिसली की ती बाळाबाईचीच, हे लहान पोरालाही कळतं.

आमच्या शेताला लागून सर्जेरावाचं शेत. हा म्हातारीचा चुलतदीर. त्याच्याकडे ट्रॅक्टर आहे, मिशा आहेत आणि साखरेचा आजार आहे. ज्याच्या त्याच्या घरी जाऊन तो "बिनसाखरेचा च्या करा, मला गोड इख हाय" असं ओरडून सांगतो, जणू मोठं पदक मिळालंय. त्याच्या पलीकडं मायाचं शेत आणि घर. माया कापूरहोळला एका दुकानात शिवणकाम करते, तिचा नवरा धम्मदीप शिरवळच्या कंपनीत पाळीला असतो. म्हणजे एका बाजूला म्हातारी, दुसऱ्या बाजूला माया आणि मधोमध हा ट्रॅक्टरवाला.

या दोघी एकमेकींशी एक शब्द बोलत नव्हत्या. का, ते दोघींनाही नीट सांगता आलं नसतं.

मायाकडे झिपरी होती. फार्महाऊसवाल्या कुणा शहरी लोकांनी तिला हौसेनं आणलं, हौस फिटल्यावर शिवऱ्याजवळ गाडीतून उतरवलं आणि काच वर करून निघून गेले. ती तीन दिवस एसटीच्या थांब्यावर प्रत्येक गाडीकडे बघत बसली होती. मायानं तिला उचलून आणलं. तिच्या अंगभर केस, त्यात कायम गोखरू अडकलेले. तिला ना धड भुंकता येत होतं ना धड चावता. पण पहिल्यांदा ती सर्जेरावाच्या शेतातून उड्या मारत माझ्याकडे आली आणि माझ्या फाटक्या कानाला नाक लावून उभी राहिली, तेव्हाच माझं सगळं शहाणपण संपलं. मी तिला कुत्र्याची कामं शिकवली. रानडुकराचा वास, सापाची वाट, कोणत्या माणसाला भुंकायचं आणि कोणत्याला नाही. ताटात काही पडलं की आधी ती खायची, मग मी. कुणी सांगितलं नव्हतं. मला ते आवडायचं.

एकदा पावसाळ्यात ती दोन दिवस आमच्याकडेच राहिली. तेव्हा माया शोधत आली आणि अंगणात न येता बांधावरच थांबली.

"ओ मावशी, आमची झिपरी आलीया का हितं?"

"ती बघ, पडलीया की उंबऱ्यात," म्हातारी फणकाऱ्यानं म्हणाली. "अन् तू का तिथं पावसात उभी? पायात काटा मोडलाय का?"

"तुमच्या अंगणात आमी आलेलं तुमाला चालत न्हाई म्हनं."

"कोन म्हनलं असं?"

"सर्जेराव दाजी."

म्हातारी उंबरा ओलांडून पावसात आली. मग म्हणाली, "मला म्हनला, माया तुला चेटकीन म्हनती. ये आत. च्या टाकते. ये, लेकी."

त्या चहाच्या वेळी आम्ही दोघं दारात एकमेकांच्या अंगावर डोकं ठेवून पडलो होतो आणि आत दोन बायका वर्षानुवर्षांची भडास काढत होत्या. बोलता बोलता म्हातारी म्हणाली, बांध लई बारीक झालाय. माया म्हणाली, आमचा पण. मग दोघीही मधल्या शेताकडे बघू लागल्या. सर्जेराव नांगरताना दरवर्षी फाळ वीतभर बांधात घुसवायचा, एक वर्ष इकडून, एक वर्ष तिकडून. आमच्याकडे याला बांध कोरणं म्हणतात. दोघी बोलत नव्हत्या तोवर त्याचं बरं चाललं होतं.

त्यानंतर त्यांची जी गट्टी जमली ती काय सांगू! माया कामावरून उतरली की घरी जायच्या आधी आमच्याकडे. म्हातारीची चोळी माया शिवणार, मायाच्या घरची चटणी म्हातारी कुटणार. झिपरीसाठी रोज नाचणीची एक भाकरी जास्तीची. बाजारात गेल्या तरी बरोबर. दिवाळी झाल्यावर दोघींनी भोरला जाऊन सरकारी मोजणी मागायचं ठरवलं, आणि तसं चारचौघांत बोलूनही दाखवलं. तेवढं बोलायला नको होतं.

दुसऱ्याच दुपारी सर्जेराव आमच्या दारात आला. आवाज अगदी लोण्यासारखा. "वैनी, आज डबा न्हाई आनला. एखादी भाकरी द्या की." रानात भाकरी मागणाऱ्याला आमच्याकडे नाही म्हणत नाहीत. म्हातारीला उलट बरं वाटलं, दीर समेटाला आला असं तिला वाटलं. तिनं तव्यावरची गरम भाकरी दिली. ठेचा संपला होता, म्हणून वर गुळाचा खडा ठेवला.

तो भाकरी घेऊन आपल्या खोपीत गेला. थोड्या वेळानं बांधावर येऊन "यू, यू" करून आम्हाला हाका मारायला लागला. ज्या माणसानं आम्हाला दगडाशिवाय काही दिलं नव्हतं, तो हाका मारत होता. मी थबकलो. त्याच्या हाताला तंबाखूचा आणि डिझेलचा वास होता आणि त्यात तिसराही काहीतरी वास होता. पण झिपरी धावली. माणसानं प्रेमानं हाक मारली की ती धावायचीच. गाडीतून उतरवून दिलेली असूनही तिची ती सवय गेली नव्हती.

ती कशी मेली ते मी सांगणार नाही. मायाच्या दारापर्यंत ती पोचली एवढं सांगतो. संध्याकाळी माया एसटीतून उतरून आली तेव्हा मी भुंकून भुंकून घसा फोडला होता. मायानं तिचं डोकं मांडीवर घेतलं, ओल्या फडक्यानं तोंड पुसलं, आणि दातांत अडकलेला काळ्या भाकरीचा तुकडा तिच्या हाताला लागला.

नाचणीची भाकरी. म्हणजे बाळाबाई.

दुसऱ्या दिवशी वस्तीवरच्या खंडोबाच्या देवळासमोर माणसं जमली. म्हातारी म्हणाली, ती भाकरी म्या सर्जेरावाला दिली व्हती. सर्जेरावानं बेलभंडार उचलला. आमच्याकडे याहून मोठी शपथ नाही. "ती भाकरी म्या बसून खाल्ली. खोटं असंल तर मल्हारी मला बघून घील." झालं, सगळ्यांच्या माना डोलल्या. भाकरीवर काय होतं, हे कुणी विचारलं नाही. पुरुषांच्या बैठकीत म्हातारीला प्रश्न विचारायचे नसतात, तिच्यावर फक्त आरोप करायचे असतात.

माया काही खंडोबाला हात जोडत नाही. पण तिनं विचार केला, ज्याचा देव आहे तो आपल्या देवाची खोटी शपथ कशी घेईल? चांगल्या माणसाची चूक अशी असते. ती म्हातारीला म्हणाली, "मावशी, उंदराचं औषध तुमच्या माळ्यावर हाय, मला ठावं हाय. माझ्या दारात पुन्ना येऊ नका."

म्हातारी घरी आली. चूल पेटवली नाही. मला जवळ घेऊन बसली आणि तिच्या डोळ्यांचं पाणी माझ्या पाठीवर पडत राहिलं. झिपरी गेली आणि तिच्यामागून मायाही गेली. हे सगळं एका माणसानं एका भाकरीत उरकलं होतं.

मी त्याचं नरडं फोडू शकलो असतो. म्हातारीनं ते माझ्या डोळ्यांत वाचलं आणि मला साखळी घातली. "चावलास तर पिसाळला म्हनून मारतील तुला. मंग माझं कोन हाय?" तिच्यासाठी मी दात गिळले. पण सूड काही गिळला नाही.

मग चंपाषष्ठी आली. आमच्या वस्तीवर त्या दिवशी तळी उचलली की मानकरी पहिला रोडगा देवाच्या कुत्र्याला घालतो. देवाचं कुत्रं म्हणजे त्या दिवशी वस्तीवरचं कोणतंही कुत्रं. त्यानं तोंड लावल्याशिवाय कुणी भरीत-रोडग्याला हात लावत नाही. मान घराघरांतून फिरतो. त्या वर्षी तो होता सर्जेरावाचा.

म्हातारीनं त्या दिवशी मला सोडलं. मी सकाळपासून काही खाल्लं नव्हतं. तुपात भिजलेल्या रोडग्याचा वास येत होता, पोटात आग पडली होती. सर्जेराव नवा फेटा बांधून, कपाळभर भंडारा लावून पुढं आला. "खा रं, देवा."

मी जवळ गेलो. वास घेतला. तोच तंबाखू, तेच डिझेल. मी मान फिरवली आणि त्याच्याकडे पाठ करून बसलो.

लोक हसले. पुजाऱ्याचं पांढरं कुत्रं पुढं सरकलं. मी नुसता ओठ वर केला. ते खाली बसलं. दुसरं आलं, तेही बसलं. वस्तीवरची सगळी कुत्री मला ओळखतात. रोडगा तसाच राहिला. भरीत निवलं, पोरं रडायला लागली, आणि हसणारी माणसं गप्प झाली. सर्जेरावानं माझी मान धरून घास तोंडात कोंबला. मी चावलो नाही. तो घास मी त्याच्याच पायावर टाकला.

पुजाऱ्याची म्हातारी आई रतनबाई उठली. तिला सगळे वचकून असतात. "सर्जा, तुझ्या हातचं देवाचं कुत्रं खाईना. बेलभंडार खरा उचललास ना?"

"खरा म्हंजे! भाकरी म्या खाल्ली, सांगितलं की एकदा!"

"बाळाबाई, काय घातलं व्हतंस वर?"

"गूळ," माझी म्हातारी म्हणाली. "ठेचा संपल्याला. गुळाचा खडा दिला."

सगळ्यांनी सर्जेरावाकडे पाहिलं. ज्याला चमचाभर साखर चालत नाही, घरोघरी जाऊन जो ते ओरडून सांगतो, तो गुळाची भाकरी बसून खातो होय? त्यानं फेटा सावरला. "खडा... खडा म्या टाकून दिला."

"टाकून न्हाई दिला." आवाज रस्त्याकडून आला. एसटीतून उतरलेली माया चिंचेखाली थांबली होती. गर्दी पाहून थांबली असावी. "झिपरीच्या मिशांना गूळ चिकटला व्हता. म्या माझ्या हातानं पुसलाय."

मी उठलो. सगळ्या गर्दीतून चालत गेलो, मायाच्या पायांशी बसलो आणि तोंड वर केलं.

"घाल, माये," रतनबाई म्हणाली. "तुझ्या हातानं घाल."

"आज्जी, माझं देवाशी काय न्हाई."

"देवाला कोन घालतंय? कुत्र्याला घाल. समदी उपाशी हायती."

मायानं रोडगा मोडला. मी एक घास खाल्ला, मग सगळाच खाल्ला, बोटांसकट चाटला. ज्या बाईला तो बांधाच्या पलीकडेच ठेवू बघत होता, तिच्या हातच्या घासानंतर सारी वस्ती जेवायला बसली. सर्जेराव नव्या फेट्यात उभा होता. त्याला कुणी "बस" म्हटलं नाही. मी मन भरेपर्यंत त्याच्याकडे बघून घेतलं.

"मावशी, माझं चुकलं," माया म्हणाली. म्हातारी तिच्या गळ्यात पडली. "चुकलं ते चुकलं. माझ्या कुशीची लेक झाली नव्हतीस का तू? चल, भरीत निवलं."

पुढं मोजणी झाली. बांध दोन्हीकडून मागं सरकले, सर्जेरावाचं शेत अंग चोरल्यासारखं बारीक झालं. पण खरी शिक्षा रतनबाईनं दिली. "हे कुत्रं तुझ्या हातचं खाईल, त्या दिवशी तुझा मान परत." वस्तीनं ते उचलून धरलं. त्यामुळे आता त्याला देवळात पुढं उभं राहता येत नाही, लग्नात कुणी पुढं बसवत नाही, आणि त्याची सगळी इज्जत माझ्या तोंडावर अडकून पडलीय.

म्हणून तो येतो. रोज सकाळी येतो. कधी बिस्किटं, कधी अंडं, कधी दूधभात. आधी शिव्या द्यायचा, आता हात जोडतो. मी म्हातारा झालोय, पुढचे दोन दात पडलेत, मऊ अन्न मलाही आवडतं. तुम्ही म्हणाल, पुरे झालं, मुक्या जनावरानं एवढा डूख धरू नये. माणसं माफ करतात, कारण त्यांना पुन्हा एकमेकांकडे कामं पडतात. मला त्याच्याकडे काही काम नाही. झिपरी हाकेसरशी धावली होती. तिच्या वाटणीचं न धावणं आता माझ्याकडे आहे. तुमच्या दारात कुत्रं असेल तर त्याला एवढंच शिकवा, की गोड आवाज ऐकला म्हणून धावायचं नसतं.

बरं, बोलणं आवरतो, कारण तो आलाय. आज ताटलीत मटणाची नळी आहे, रश्शासकट. मी उठतो. सर्जेरावाचे डोळे चमकतात. "आला! आला! खा रं माझ्या राजा, खा!" मी ताटलीजवळ जातो, सावकाश वास घेतो, एकदा त्याच्या तोंडाकडे बघतो आणि मागचा पाय वर करतो.

ओट्यावर चहा पीत बसलेल्या माया आणि म्हातारीला हसता हसता ठसका लागतो. उद्या त्याला दुसरी ताटली आणावी लागेल.