पंपघरातली धाकटी

मी रुद्रप्पांची दुसरी मँडोलिन बोलतेय. दुसरी म्हणजे पहिली घरात धडधाकट असताना आणलेली. हे ऐकून लोक गालातल्या गालात हसतात. हसू देत बापडे! सोलापूरच्या पाणीपुरवठ्याच्या पंपघरात मला आणलं तेव्हा आठवडाभर हीच थट्टा चालली होती. तिथं झाडलोट करणारी बजाबाई तोंडाला पदर लावून म्हणायची, "अण्णांनी दुसरी आणली, अन् घरी पत्ताच न्हाय की!"

माझा जन्म कलकत्त्याचा. ज्यांनी मला घडवलं ते घाईत होते, हे माझ्याकडं बघितल्यावर कुणालाही कळेल. लाकूड साधं, पण वर पॉलिश असं चोपडलेलं की आतली गाठ दिसू नये. तरी मान माझी सरळ आहे. उगाच नम्रपणा कशाला करू?

माझे पहिले मालक धोंडीराम, मंगळवेढ्याकडचे ज्वारीवाले शेतकरी. जत्रेत त्यांनी ऑर्केस्ट्रा बघितला आणि डोक्यात खूळ शिरलं. मला घेऊन गेले, पंधरा दिवस खाजवल्यासारखं वाजवलं, मग पेरणी आली. पेरणीमागून खुरपणी आली. मी भिंतीवर. त्यांच्या मथुराबाईंनी एक दिवस माझ्या खुंट्यांना लसणाची जुडी टांगली. म्हणाल्या, "हितं वारं लागतंय, टिकंल." सहा वर्षं मी लसूण सांभाळला. अहो, आठ तारांचं वाद्य मी, आणि माझ्या अंगाला फोडणीचा वास! शेवटी एकदा जुडी ओढताना मी खाली आदळले, पोटाला चीर गेली, तेव्हा कुठं सुटका झाली. धोंडीरामांनी मला एसटीनं सोलापूरला आणलं आणि विजापूर वेशीजवळच्या इमामसाबांच्या दुकानात देऊन टाकलं.

इमामसाब बाजाच्या पेट्या दुरुस्त करायचे, बँडवाल्यांची क्लॅरिनेटं दुरुस्त करायचे. त्यांनी माझी चीर सरसानं बुजवली, आतून पट्टी लावली आणि मला भिंतीवर टांगलं. माझ्या एका बाजूला नवी कोरी मँडोलिन होती, फार तोऱ्यात असायची. दुसऱ्या बाजूला मान वाकलेली एक म्हातारी.

चौऱ्याहत्तर सालच्या जूनमध्ये एका दुपारी रुद्रप्पा आले. अंगात खाकी शर्ट, बाहीला तेलाचे डाग.

"कामावर ठेवायला एक मँडोलिन पायजे," ते म्हणाले. "सहज आपलं. पंप चालू केला की तासातासाला आकडा लिवायचा, बाकी बसूनच असतोय. घरी एक चांगली हाय. ही दुसरी."

इमामसाबांनी नवी खाली काढली. रुद्रप्पांनी तिला हातसुद्धा लावला नाही. "एवढी चांगली नको. तितं ओल असतीया, तेल उडतंय. पडली, फुटली तरी जिवाला लागू नये अशी दाखवा."

आता सांगा, असं ऐकल्यावर कुणाला बरं वाटेल? मी मनात म्हटलं, मग घागर घेऊन जा ना, वाजवा घागर!

म्हातारी माझ्याहून स्वस्त होती. पण त्यांनी तिला डोळ्यासमोर आडवी धरली, मान वाकडी दिसली, परत ठेवली. मग मला घेतलं. माझ्या पोटावर टिचकी मारली. मग मानेवर बसवलेला धातूचा एकेक पडदा दाबून बघायला लागले, आणि तेही एकाच बोटानं. डाव्या हाताच्या करंगळीशेजारच्या बोटानं. त्या बोटावर पेरापासून नखापर्यंत लाल व्रण होता आणि दाबताना ते थरथरत होतं.

इमामसाबांनी चष्मा वर करून ते बोट बघितलं. "ठैरो जरा," म्हणाले आणि माझी घोडी काढली. घोडी म्हणजे तारा उचलून धरणारा लाकडी तुकडा. ती त्यांनी कानशीनं घासली, परत बसवली. तारा पडद्यांच्या जवळ आल्या. "अब देखो. हलके हात से भी बजती."

रुद्रप्पांनी तेच बोट पुन्हा ठेवलं, आणि मला घेतलं. तेवढ्या पैशांत चपलांचा एक बरा जोड आला असता. माझा राग गेला नव्हता, तरी ते बोट मला आवडलं. सहा वर्षांनी कुणीतरी मला एकेक पडदा करून विचारत होतं.

पंपघर म्हणजे एक प्रकरणच आहे. मोटार सुरू झाली की सगळी इमारत एका सुरात घुमायला लागते. खिडकीची काच घुमते, चहाचा पेला घुमतो, रजिस्टरावरची पेन्सिल नाचते. रुद्रप्पांनी मला त्याच सुराला लावलं. तंबोऱ्याची गरजच नाही! रोज तीच एक सिनेमाची धून वाजवायची. मुखडा सोपा होता. अंतऱ्यात मात्र ती धून भराभर वर चढायची, आणि तिथं नेमकं ते व्रणाचं बोट लागायचं.

हे सगळं कशासाठी, ते मला महिन्याभरानं कळलं. एका सकाळी बडेसाब सायकलवरून आले. ते अकॉर्डियन वाजवायचे, त्यांचा ऑर्केस्ट्रा होता आणि रुद्रप्पा त्यात बारा वर्षं मँडोलिन वाजवत आले होते.

"गणपतीचं बुकिंग झालंय, दहा दिवसांचं," बडेसाब म्हणाले. "तुमच्या जागी मी कुणाला घेतलेलं नाय. पण आठ दिवस आधी पक्कं सांगा, हां." मग माझ्याकडं बोट केलं. "घर में इतनी अच्छी हय, और ये डब्बे पे कायकू मेहनत करते?"

डब्बा! मी ऐकून घेतलं.

रुद्रप्पांनी मला बाजूला ठेवलं. "शिवरात्रीच्या वक्ताला झडपेचं झाकण बोटावर पडलं, तुमाला ठावं हाय. टाके काढले त्या दिवशी घरी थोरली काढली. पहिलीच ओळ वाजवली. काशम्मा चुलीपुढं भाकरी थापत होती. तिचा हात थांबला. मागं वळून बी बघितलं न्हाय तिनं. रडत होती, बडेसाब. परत तिच्यापुढं चुकीचं वाजवणार न्हाय. नीट जमलं की मगच थोरलीला हात लावीन, आन् मगच स्टेजवर येईन."

म्हणजे बघा, चुका सगळ्या माझ्या वाट्याला आणि टाळ्या थोरलीच्या! एरवी मी तासभर रुसले असते. पण त्या दिवशी नाही रुसले. बायकोला दुःख नको म्हणून जो माणूस लोखंडी पंपाशेजारी बसून रियाज करतो, त्याच्यावर कोण रुसणार?

जुलै गेला, ऑगस्ट गेला. रुद्रप्पांचा चेहरा उजळायला लागला. दारात खराटा टेकवून बजाबाई म्हणायची, "आज लई ग्वाड वाजतंय, अण्णा." रुद्रप्पा मान डोलवायचे. "जमतंय, बजाबाई. गणपतीला जमतंय बघ."

पण मला ठाऊक होतं, जमत नव्हतं.

बोट तारेवर जात होतं, बसत नव्हतं. त्या चढावर दोन सूर नुसते खरखरायचे आणि तिसरा लागायचाच नाही. पंपाचा घुमारा ते सगळं गिळून टाकायचा. आणि रुद्रप्पांच्या कानात बारा वर्षांची धून मुरलेली, ती रिकामी जागा आपोआप भरून काढायची. पंपाशेजारी उभं आयुष्य काढलेल्या माणसाला पंप ऐकूच येत नाही हो! त्यांना वाटायचं, आपण शांततेत वाजवतोय. मी काय करणार? एकदा रागारागानं माझी एक तार तोडून घेतली. त्यांनी लाडानं नवी लावली.

गणपती दहा दिवसांवर आले होते. दुपारचे तीन वाजले असतील. बजाबाई उंबऱ्यावर पान जमवत बसली होती. रुद्रप्पांनी धून धरली, मुखडा झाला, अंतरा घेतला, चढायला लागले, आणि लाईट गेली.

पंप खाकरला आणि थांबला. रुद्रप्पांचा हात मात्र थांबला नाही. त्या चिडीचूप पंपघरात माझा आवाज पहिल्यांदा एकटा ऐकू आला. खर्र. खर्र. टक्.

त्यांनी परत वाजवलं, सावकाश. खर्र. खर्र. टक्. परत एकदा. तेच.

बजाबाईचं पान हातातच राहिलं. "अण्णा," ती म्हणाली, "रोज असंच वाजत हुतं व्हय?"

तिनं हिणवलं नाही हो, खरंच विचारलं. रुद्रप्पा म्हणाले, "व्हय, बजाबाई. असंच वाजत असंल." तिनं जीभ चावली. "मला मेलीला काय कळतंय त्यातलं," असं पुटपुटत खराटा घेऊन बाहेर गेली आणि झाडलेलं अंगण परत झाडायला लागली.

रुद्रप्पा उठले. झडप बंद केली, रजिस्टरात वेळ लिहिली. मग मला मांडीवर घेऊन बसले आणि म्हणाले, "तू तरी सांगायचं हुतंस की गं."

आठ तारा असून मला एक शब्द बोलता आला नाही. एवढी लाज मला लसणाच्या जुडीखालीसुद्धा वाटली नव्हती.

तासाभरानं लाईट आली, पंप घुमायला लागला. रुद्रप्पांनी मला हात लावला नाही.

दोन दिवसांनी बडेसाब विचारायला आले. रुद्रप्पांनी आढेवेढे घेतले नाहीत. "दुसरा बघा, बडेसाब. बोट ऐकत न्हाय. ह्या गणपतीला न्हाय, आन् पुढच्या बी गणपतीचं मी सांगत न्हाय."

बडेसाबांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. म्हणाले, "एक माणूस हाय. हात चांगला हाय त्याचा. पण वाद्य एकदम टिनपाट."

"मग माझी थोरली द्या त्याला. कापडात गुंडाळून ठेवून काय करायचं? संध्याकाळी घरला या, घेऊन जावा." एवढं बोलून रुद्रप्पांनी माझ्याकडं बघितलं. "घर एकदम रिकामं नको," असं स्वतःशीच म्हणाले आणि मला सायकलच्या कॅरिअरला बांधलं. अशी मी पहिल्यांदा घरी गेले.

काशम्मा उंबऱ्यातच होत्या. मला बघून म्हणाल्या, "हीच व्हय ती कामावरची?"

रुद्रप्पा दचकले. "तुला कुणी सांगितलं?"

"कुणी कशाला सांगाय पायजे? रोज सकाळी बोटाला तेल मीच चोळतीया की. बोटावर तारांचे वळ दिसत न्हाईत व्हय मला? तीन महिने बघतीया."

"मग बोलली का न्हाईस?"

"तुमी लपवत हुतासा. म्हटलं, सांगायचं तवा सांगतील."

रुद्रप्पा खाली बघत म्हणाले, "त्या दिवशी तू रडलीस, म्हणून घरी वाजवायचं सोडलं."

"अय्यो! मी बोटासाठी रडले हो," काशम्मा म्हणाल्या. "तार रुतून किती दुखत असंल, म्हणून रडले. गाणं चुकलं म्हणून कोण रडतंय? आन् तुमी वाजवायचंच सोडलंसा. सात महिने ह्या घरात नुसती भांडी वाजतात. मला वाटलं, माझ्यावर राग धरलाय."

सात महिने दोघं एकमेकांना जपत होते आणि एकमेकांविना झुरत होते. माणसं शहाणी असतात असं मला आधी वाटायचं.

दिवे लागायच्या आधी बडेसाब आले आणि थोरलीला घेऊन गेले. ती मखमलीत गुंडाळलेली होती, आमची नीट ओळखही झाली नाही. तिच्याबद्दल माझ्या मनात काही नाही. ती स्टेजवर शोभते.

ते गेल्यावर काशम्मांनी मला उचलून रुद्रप्पांच्या मांडीवर ठेवलं. "वाजवा."

"चुकतंय गं."

"होगली बिडी, जाऊ द्या तिकडं, चुकू द्या." आणि त्या भाकरी थापायला बसल्या.

रुद्रप्पांनी मुखडा घेतला. अंतरा आला. खर्र. खर्र. टक्. हात थांबला. मला वाटलं, झालं, आता परत खाली ठेवतात. तेवढ्यात चुलीपुढून, पाठ न वळवता, काशम्मांनी तो निसटलेला सूर गुणगुणला. नेमका तोच. बारा वर्षं ऐकत होत्या ना! रुद्रप्पांचा हात परत चालायला लागला, आणि धून पुरी झाली.

त्याला आता पाच वर्षं झाली. थोरली दर गणपतीला स्टेजवर जाते, मी घरातच असते. माझी सरसाची चीर परत जरा उकललीय, एक खुंटी फिरत नाही, आणि रुद्रप्पांचं बोट अजूनही तिथं बसत नाही. तुमच्याकडं माझं एकच मागणं आहे. तुमच्या घरात कुणी चुकतमाकत वाजवत असेल, गात असेल, तर त्याला लपायला पंपघर शोधावं लागू नये, एवढं बघा.

आमच्याकडं तर अलीकडं असं झालंय, की काशम्मा पाणी भरायला बाहेर गेल्या असल्या तर रुद्रप्पा त्या चढाशी येऊन थांबतात, आणि त्या घागर खाली ठेवून सूर लावेपर्यंत पुढं जातच नाहीत.