अकरा दिवस

बेल दाबली आणि तो दोन पायऱ्या खाली उतरला. परत फिरावं की काय, असं मनात येईतोवर दार उघडलंच. जहाजावरच्या जुन्या आचाऱ्याची सून होती.

"या ना काका. बाबा सकाळपासून घड्याळ बघतायत."

आतून आवाज आला, "कोण, बिनतारी? अरे मेल्या, जिवंत आहेस होय!"

नौदलात सगळे त्याला याच नावाने हाक मारत. सतरा वर्षं कानाला हेडफोन लावून त्याने जहाजावर संदेश घेतले होते आणि आचारी खाली दोनशे माणसांचं रांधत होता. आज चौतीस वर्षांनी भेट होत होती. गुडघ्यांनी आचाऱ्याला खुर्चीला खिळवलं होतं. बिनतारीला मात्र बसवेना. तो खिडकीपाशी गेला, कपाटापाशी आला, पुन्हा खिडकीपाशी.

"बस की रे. पायाला भिंगरी लागलीय का?"

"एक सांगायचंय. तुझी आई गेली तेव्हाचं."

सून चहा ठेवून आत गेली.

"बंदरात कप्तानाने तुला सांगितलं ना, तो संदेश त्या दिवशीचा नव्हता. अकरा दिवस आधी आला होता. मीच घेतला. तुला परत पाठवायची सोय नव्हती, म्हणून बंदर येईपर्यंत तोंड उघडायचं नाही असा हुकूम होता." त्याने खिडकीकडे तोंड केलं. "अकरा दिवस मी तुझ्या हातचं जेवलो."

आचाऱ्याने कप उचलला.

"ठाऊक होतं मला."

"कुणी सांगितलं?"

"तूच. रोज मिठावरून माझ्याशी भांडणारा माणूस. एके दिवशी भाजी चांगली खारट झाली आणि तू मुकाट्याने ताट चाटूनपुसून गेलास. तेव्हाच ओळखलं, घरचा संदेश आलाय."

"मग विचारलं का नाहीस?"

"विचारलं असतं तर तू सांगितलं असतंस. तू गप्प होतास तोवर माझ्यासाठी आई घरीच होती."

बिनतारीला आता हलकं वाटायला हवं होतं. वाटेना. तो खुर्चीच्या कडेला टेकला, लगेच उठला.

"अजून आहे. कप्तानाने तुला निम्मंच सांगितलं. दोन वाक्यं होती. 'आई आज पहाटे गेली. मुलगा एकटा असताना त्याला सांगू नका.'"

आचाऱ्याने कप खाली ठेवला. कप्तानाने त्याला केबिनमध्ये एकट्यालाच बोलावलं होतं.

"मी दाराबाहेर उभा होतो," बिनतारी म्हणाला. "आत आलो नाही."

"दादाने पाठवला असेल."

"खाली तुझ्या वडिलांचं नाव होतं."

"अण्णांचं?" आचारी हसायला गेला, पण जमलं नाही. "नोकरीवर निघालो तेव्हा दारापर्यंतसुद्धा आले नव्हते. शेवटपर्यंत माझ्याशी कधी धड बोलले नाहीत."

त्याने खांद्याला तोंड पुसलं.

"पुन्हा सांग."

बिनतारीने ती दोन वाक्यं पुन्हा सांगितली. या वेळी सावकाश, समोरच्याला लिहून घेता येईल अशा बेताने, शब्दाशब्दाला थांबत.