वजनावर निवडलेली नळी

मित्रांनो, मी एक जुनी, बारीक नळी आहे. पाण्याची नव्हे, रायफलीची. अमेरिकेतल्या वायोमिंगमधल्या एका गॅरेजात, रंगाच्या डब्यांमागे मी पडून आहे. अंगावर गंज चढलाय आणि त्याहून जास्त डोक्यात राग चढलाय. कुणावर, ते सांगते.

माझा जन्म कारखान्यातला. पोलादाच्या जाड कांबेला आरपार भोक पाडलं, आतून पीळदार चर कोरले आणि मग मला बाहेरून तासायला घेतलं. तासतच राहिले. शेजारच्या नळ्या चांगल्या गुबगुबीत राहिल्या, माझी मात्र काडी झाली. शेवटी माझ्या पाठीवर एक बारीक छिद्र पाडलं, अगदी मागच्या बाजूला.

आता हे छिद्र कशाला? गोळी सुटली की तिच्यामागून तापलेला वायू धावतो. त्यातला थोडा या छिद्रातून वर शिरतो, एका नळकांड्यातून मागे जातो आणि आतला दट्ट्या ढकलतो. मग रिकामं काडतूस बाहेर पडतं, नवं आत येतं. छिद्र मागे असलं तर वायू फार जोरात येतो आणि दट्ट्या धाडकन आदळतो. छिद्र पुढे असलं की तोच वायू जरा दमून येतो आणि धक्का सौम्य बसतो. इतकं साधं आहे. पण छिद्र कुठे हवं हे मला कोणी विचारलं नाही, आणि एकदा पाडलेलं छिद्र काही सरकवता येत नाही.

मला विकत आणलं वेंडलने. वेंडल लांब पल्ल्याचा ट्रक चालवतो. मेंढ्या त्याच्या बायकोच्या, नेडीनच्या. तिच्या वडिलांनी उभा केलेला कळप. गेल्या वर्षी एका एडक्याने तिला कुंपणावर असं चेपलं की खांद्याचं हाड मोडलं. हाड सांधलं, पण वडिलांची जड रायफल तिला पेलेना. कोयोट नावाचा तिथला दांडगा कोल्हा असल्या गोष्टी बरोबर ओळखतो. वसंतात मेंढ्या व्यायला लागल्या की तो पहाटे हजर, आणि नेमका तेव्हाच वेंडल दोन राज्यं पलीकडे कुठेतरी ट्रकवर. यंदा कोकरं राखता आली नाहीत तर कळप विकायचा, असं घरात ठरलं होतं. ठरल्यापासून नेडीनचं जेवणावरून लक्ष उडालं होतं.

म्हणून वेंडलने तिच्यासाठी हलकी रायफल जोडायला घेतली. तिला न सांगता, बरं का! बायकोला चकित करायचं होतं ना. मदतीला नेडीनचा धाकटा भाऊ क्लेट. दोघांनी तिचा पीठ मोजायचा काटा गुपचूप गॅरेजात आणला आणि मला त्यावर ठेवलं. शेजारी दुसरी एक नळी होती.

"दाजी, ही उचलून बघा! काडी आहे काडी," क्लेट म्हणाला.

"आणि ती?"

"ती जरा जाड. छिद्र पुढे, नळकांडं लांब. धक्का कमी बसतो म्हणतात."

"अरे, वजनाचं बोल. तुझ्या ताईला ती उचलायची आहे, धक्के मोजायचे नाहीत."

झालं! माझी निवड झाली. मीही फुशारले, खोटं कशाला बोलू? दोघांनी खांद्याला टेकवायच्या दस्त्याला भोकं पाडली, स्क्रूसुद्धा घासून बारीक केले. आणि एवढी काटकसर झाल्यावर माझ्यावर काय काय चढवलं? दुर्बीण, बॅटरी, दोन पायांचा टेकू, शिवाय चामड्याचा जाड पट्टा. मला तासून तासून वाचवलेलं वजन एका दुपारी परत आलं. डोकं आपटून घ्यावंसं वाटलं मला.

नेडीनच्या हातात रायफल दिली तेव्हा वेंडलचा चेहरा नुसता फुलला होता. "छान आहे रे," ती म्हणाली. दुसरं काय म्हणणार बिचारी?

वेंडल ट्रक घेऊन गेला आणि कोयोट आला. पहाट होती, मेंढ्या ओरडत होत्या. नेडीनने नेम धरून पहिली गोळी झाडली. दट्ट्या धाडकन मागे आला आणि दस्ता तिच्या सांधलेल्या हाडावर बसला. ती कळवळली. दुसऱ्या गोळीला तिने आधीच डोळे मिटले. तिसरी तर आभाळातच गेली. कोयोट तिच्यादेखत कोकरू तोंडात धरून टेकाडाआड गेला. ती कुंपणाला धरून रडली आणि मला काहीच करता आलं नाही.

वेंडल परतला. लगेच पंचायत बसली.

"नळी पातळ आहे, दाजी. तापली की भरकटते. ती दुसरी, कमी धक्क्याची, अजून पडून आहे."

तीन गोळ्यांत मी काय तापणार, कपाळ! मी तापते, भरकटतेही, पण त्यासाठी बराच वेळ झाडत राहावं लागतं. इथे दुखत होतं खांद्याला आणि हे चाचपडत होते मला. काटा पुन्हा बाहेर निघाला, तेवढ्यात हे सगळं ऐकून नेडीन दारात येऊन उभी राहिली.

"माझा काटा दे इकडे. आणि हे सगळे दागिने उतरवा तिच्यावरचे. ती दुसरी नळी लावा."

"अगं, ती जड आहे."

"जड चालेल. मारकी नको."

नळी बदलली आणि मला दाराबाहेर टाकलं. नेडीनने कुंपणावर डबे मांडले आणि झाडायला सुरुवात केली. डबे एकामागून एक उडाले. तिचे डोळे उघडे होते. एरवी मला हेवा वाटला असता, पण त्या दिवशी हायसं वाटलं.

वेंडल खुशीत पुढे आला. "जमलं ना? आता आणखी काही हवं असेल तर सांग!"

नेडीनने रायफल खाली ठेवली.

"रायफल मी मागितली होती का, वेंडल? मेंढ्या व्यायच्या दिवसांत तू घरी थांब, एवढंच म्हणत होते. दरवर्षी म्हणत होते."

क्लेट टोपी उचलून निघून गेला. वेंडल माझ्याकडे बघत राहिला. माझ्याकडे का बघतोस बाबा, तिच्याकडे बघ, असं ओरडावंसं वाटत होतं मला.

त्या उरलेल्या वसंतात ट्रक अंगणातच उभा राहिला, तिकडे वसंतातही पडणारं बर्फ त्याच्यावर साचलं तरी हलला नाही. पहाटे वेंडल कोपरापर्यंत बाह्या सारून अडलेल्या मेंढीपाशी बसायचा आणि नेडीन रायफल घेऊन कुंपणाशी उभी राहायची. कळप विकला नाही.

मित्रांनो, गंजलेल्या नळीचं एवढं ऐका. वस्तूंना तेल लावत जा, त्यांची निगा राखा; माझ्यासारखं डब्यांमागे फेकू नका. पण ज्या माणसासाठी वस्तू घेता, त्याला आधी विचारा. विचारलं असतं, तर मला कुणी घेतलंच नसतं आणि ते कोकरू आज मेंढी झालं असतं.