डाव्या कडेची लाल ओळ

बाइंडरकाकांची भाषा उजवीकडून डावीकडे लिहिली जाई. आयुष्यभर पुस्तकं बांधून नजर इतकी अधू झाली होती, की स्क्रीनवरची अक्षरं आठपट मोठी करूनच ते वाचत. डोळ्यांच्या दवाखान्याची वेळ घ्यायचा फॉर्म दर वेळी मुलाकडून भरून घ्यावा लागे, तेच त्यांना खुपत असे. दवाखान्याचे ऑनलाइन फॉर्म बनवणारी शेजारीण आज काकांच्या भाषेतला नवा फॉर्म तपासून घ्यायला त्यांच्याकडे आली होती. सगळ्या चौकटी तिने उजवीकडे आणल्या होत्या.

काकांनी सावकाश फॉर्म भरला, बटण दाबलं आणि हुश्श केलं. "झालं बघ."

झालं नव्हतं. जन्मतारीख राहिली होती, आणि तसं सांगणारी लाल ओळ पार डाव्या कडेला उमटली होती. मोठ्या केलेल्या स्क्रीनवर काकांना फक्त उजवी बाजू दिसत होती.

"काका, चूक माझी आहे," ती म्हणाली. "चौकटी हलवल्या आणि सूचना तिथेच विसरले."

"म्हणजे पानं उजवीकडून लावलीस आणि पुठ्ठा डावीकडून चिकटवलास. आमच्या दुकानात अशा कारागिराला चहा मिळत नसे."

तिने तिथेच बसून सूचना चौकटीखाली, उजव्या कडेला आणली. काकांनी ती वाचली, तारीख भरली. मंगळवारी साडेदहाची वेळ मिळाली.

तेवढ्यात मुलाचा फोन आला, फॉर्म भरायला कधी येऊ म्हणून.

"भरला मी," काका म्हणाले. "तुझा एखादा अडला असेल तर घेऊन ये."